माझ्याच प्रबंधाने अडवलेलं रान

आदिवासींचे रूढी-कायदे आणि ग्रामसभा हा विषय मी आयुष्यभर कॉलेजात शिकवला. केनवडच्या माळवं पिकवणाऱ्या घरातली मी पहिली डॉक्टरेट. त्याचा माज किती, तर विचारू नका.

तरुणपणी प्रबंधासाठी आमच्याच भागातल्या मालेगावकडच्या, आंध जमातीच्या एका आदिवासी गावात गेले होते. खांद्याला टेपरेकॉर्डर, नाकावर मोठा चष्मा, डोक्यात हवा. पंचांनी खुर्ची दिली, मी बसले. रानाचे काही नेम आहेत का, विचारलं. "तसं काही नाही बा," पंच म्हणाले. झालं. ‘या गावात वनवापराचे सामूहिक नियम आढळत नाहीत,’ असं या शहाणीने ऐटीत लिहून टाकलं.

गेल्या वर्षी त्याच गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला. गावातल्या एका म्हातारीने मला फोन केला.

"मॅडम, तुमचं पुस्तक आमचं रान खाऊन राह्यलं."

नकाराच्या पत्रात कारण म्हणून माझंच वाक्य छापलेलं. ग्रंथालयात ज्या प्रबंधाला कुत्रं विचारत नव्हतं, तो नाही म्हणायला समितीला बरोबर सापडला! एसटीने गाव गाठलं.

म्हातारी म्हणाली, "चारोळी कधी तोडायची ते आमी बाया ठरोतो. कोनं आधी तोडली त त्याची टोपली सगळ्यायसमोर पालथी करतो."

"मग तेव्हा सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कवा? तुमी त गड्यायसंगं चहा पिऊन राह्यल्या होत्या. तो चहा आमीच केला होता."

मला तिथेच स्वतःचा कान पिळावासा वाटला.

तिला घेऊन समितीच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं छापील मानू, का या आजींचं तोंडी?"

गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा असतो, हे वनहक्काच्या नियमांतच आहे. ते वाचायला खुर्चीवरच्या माणसाला सवड नाही आणि एका अर्धवट पोरीचं वाक्य मात्र वेदवाक्य!

"छापील चूक आहे," मी म्हणाले. "ती मी केली, तसं माझ्या सहीने लिहून घ्या. पण त्या चुकीची शिक्षा यांना कायले?"

साहेबांनी कारकुनाला बोलावलं आणि दावा पुन्हा सुनावणीला घेतला. कारकुनाने माझा जबाब दोन ओळींत उरकला. म्हातारीचा घेताना तो तिसऱ्या पानावर पोचला, तरी ती अजून चारोळीवरच होती. मोह, डिंक, तेंदू सगळं बाकी होतं.