करदोड्याची किल्ली

मी शेठची मोटार चालवायचो, तेव्हा रिसोडच्या बाजाराशेजारी एक मिस्त्री होता. स्टार्टर बदलायचा म्हटला की आधी चाकांना दगड लावायचा, बॅटरीची तार सोडायचा आणि गाडीची किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधूनच खाली शिरायचा.

एकदा लग्नाला निघालेले शेठ तडकले, "अबे, किल्ली कायले पायजे तुले? मी का चोर हावो?"

"चोर नाई, मालक. पण तुमाले घाई हाये, अन् गाडीखाली मी राहीन."

शेठला असं सांगायची माझी छाती नव्हती. किल्ली मिळेपर्यंत मिस्त्रीनं पान्याला हात लावला नाही.

काम उरकल्यावर तार जोडली, करदोड्याची किल्ली सोडली आणि शेठच्या हातात ठेवली. "घ्या मालक, आता करा घाई."