नानांच्या वाट्याची गोदी

माझ्यावर ज्यांचं सगळ्यात मोठं ऋण आहे, ते नाना. आई-वडिलांचं ऋण वेगळं, ते सगळ्यांवरच असतं. पण असोद्यातल्या आमच्या गल्लीतून पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी, आणि तिथवर मला ढकलत नेलं ते नानांनी. त्यांचं पूर्ण नाव इथं देत नाही. नाव छापलेलं पाहिलं की ते आधी कागद उलटून मागे काय आहे ते बघतील, आणि मग विचारतील, "कुणाला विचारून दिलं रे?"

कागद उलटणं ही त्यांची खूण. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा असो, नाना आधी मागची बाजू बघत. "पुढून कुणीही गुळगुळीत करतो. मागून दाखव," असं म्हणत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याची एकच सवय सगळ्यांना पाठ असते आणि जिची सगळे टिंगल करतात.

ही सवय त्यांना कामातून लागली होती. दीपनगरच्या वीज केंद्रात ते बॉयलरच्या नळ्यांचं वेल्डिंग करायचे. सांधा पुढून कितीही सुबक दिसला तरी धातू आतपर्यंत उतरला का, हे मागून कळतं. जिथं मागे डोकं घालायला जागा नसते, तिथं ते दाढीचा गोल आरसा धरून बघायचे. निवृत्त होऊन आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हाही तो आरसा सदऱ्याच्या खिशात होता.

मी बारावी झालो तेव्हा वडील केळीचे घड ट्रकवर चढवायच्या कामाला जात. कॉलेजच्या फीमाफीचा फॉर्म मी मोठ्या अभिमानानं भरून नानांना दाखवायला नेला. त्यांनी तो उलटला. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच हवा. माझा जुना होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. नानांनी जेवण तसंच ठेवलं, मोटारसायकल काढली आणि मला जळगावला तहसील कचेरीत नेलं. तिथल्या कारकुनानं "उद्या या" म्हटल्यावर ते त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "येतो ना. इथूनच येतो." संध्याकाळी दाखला मिळाला. त्या एका दाखल्यावर मी बी.कॉम. झालो, आणि आज धुळ्यातल्या एका शाळेत कारकुनी करतो. माझ्या टेबलावर आलेला फॉर्म मी आधी उलटतो.

आता गोदीचं सांगतो.

नाना मूळचे शिरपूरकडचे. वीज केंद्राची नोकरी लागण्याआधी ते पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जुन्या गोदीत तीन वर्षं वेल्डर होते. इंग्रजांच्या आधीपासून तिथं जहाजं बांधली जात, लाकडी आणि पुढे लोखंडी. समुद्र न पाहिलेला खान्देशातला तरुण तिथं जहाजाच्या पोटाखाली उताणा झोपून सांधे जोडत होता. प्रत्येक वेल्डर आपल्या सांध्याशेजारी पोलादावर आपला नंबर ठोकायचा. नानांचा नंबर एकेचाळीस.

"मना नंबर शे तठे," ते सांगायचे. म्हणजे, माझा नंबर आहे तिथं. गोदीचा विषय निघाला की त्यांची भाषा आपोआप शिरपूरची, अहिराणी व्हायची.

ते जहाज पाण्यात सोडायच्या आठ दिवस आधी दीपनगरची ऑर्डर आली. हजर व्हायची तारीख पुढे ढकलली तर नोकरी जाणार होती. नाना निघून आले. उतारावर साबण आणि चरबी फासतात, मग जहाज मागच्या बाजूनं पाण्यात घसरतं, क्षणभर डोलतं आणि सरळ होतं, हे सगळं त्यांनी सोबत्यांच्या पत्रातून वाचलं. आपण जोडलेलं जहाज पाण्याला लागताना त्यांनी कधी पाहिलंच नाही.

म्हणून पुढे त्या कंपनीनं शेअर विकायला काढले तेव्हा नानांनी घेतले. थोडेच, पण घेतले. कंपनीच्या पत्रकात मागच्या बाजूला एक ओळ होती: नवं जहाज पाण्यात सोडताना भागधारकांना निमंत्रण दिलं जाईल. नानांनी शेअर घेतले ते त्या ओळीसाठी. हे मी अनेकांना सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

काही वर्षांनी गोदी बंद पडली. बँकांची कर्जं थकली, गेटला कुलूप लागलं. गल्लीच्या टोकाच्या चहावाल्याला रोजचा विषय मिळाला.

"काय भो नाना, जहाज कुठपर्यंत आलं?"

"येऊ राह्यलं."

"नाही, म्हटलं तापीत आणून लावता का? माझ्या मेहुण्याचं वावर काठावरच आहे. दोर बांधायला झाड आहे."

"तू आधी चहात दूध घाल. मग जहाजाचं बघू."

मी पदवीचं सर्टिफिकेट घेऊन आलो त्या दिवशी जळगावच्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून ते लॅमिनेट करून आणलं होतं. आमच्याकडे महत्त्वाच्या कागदाचं असंच करतात. दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला, सगळं प्लास्टिकमध्ये. नानांनी ते हातात घेऊन चमक पाहिली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडून गोदीचं शेअर सर्टिफिकेट मागून नेलं आणि तेही लॅमिनेट करून आणलं. माझ्याकडून त्यांना पहिली भेट.

नानांनी सवयीनं ते उलटलं. मागच्या बाजूला रिकामे रकाने होते, शिक्क्याच्या आणि सहीच्या जागा. त्यांनी प्लास्टिकवरून अंगठा फिरवला.

"मागचंही आत गेलं का रे?"

"वाचता येतं ना नाना सगळं. शिवाय पाण्यानं खराब होणार नाही."

"मग झालं," ते म्हणाले. त्यांनी मला एवढं शिकवलं होतं, आणि माझ्या पदवीपुढे त्यांनी स्वतःचं बोलणं मागे घेतलं. याचा मला आजही राग येतो. माझा स्वतःचा.

मग एके दिवशी टीव्हीवर बातमी आली. गोदीला नवा मालक मिळाला होता. गेट उघडलं, क्रेनला रंग लागला, कुणीतरी नारळ फोडला. ऐतिहासिक गोदी पुन्हा उभी राहते आहे, असं सगळे सांगत होते. शेअर बाजारातही त्या मेलेल्या शेअरला एकदम भाव आला. नानांनी गल्लीत पेढे वाटले, चहावाल्याला दोन जास्त दिले. पांढऱ्या कापडाचा सदरा शिवायला टाकला. शिंप्यानं विचारलं, "कुणाचं लग्न?" नाना म्हणाले, "जहाजाचं."

तोवर कागदी सर्टिफिकेटं चालेनाशी झाली होती. ती कॉम्प्युटरच्या खात्यात घालावी लागतात, त्याशिवाय ना विकता येत, ना कुणाच्या नावावर करता येत. मी ते लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट घेऊन जळगावच्या एका एजंटच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं ते नखानं खरवडून पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"शिकलेले दिसता," तो म्हणाला आणि शेजारच्याला दाखवून हसला. "साहेब, प्लास्टिकवर शिक्का बसतो का? सही बसते का? आता दुसरी प्रत काढा."

दुसऱ्या प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र लागलं, जामीनदार लागले, नानांची शेअर घेतानाची जुनी सही लागली. वयानं हात थरथरतो, सही जुळत नाही म्हणून कागद दोनदा परत आले. कागद परत आले त्या पाकिटात कंपनीनं एकही ओळ मराठीत लिहिली नव्हती. मी धुळ्याहून रजा काढून येत होतो. वर्ष गेलं. नाना एकदाही मला टोचून बोलले नाहीत. उलट मी तोंड पाडून बसलो की म्हणायचे, "मी कुठं विकणार होतो? भाव चढू दे नाहीतर पडू दे."

आणि मग कळलं की या सगळ्याचा काही उपयोगच नव्हता.

नव्या मालकानं गोदी घेतली त्या योजनेत एक कलम होतं. जुन्या भागधारकांचे शेअर रद्द. कमी नाही, रद्द. कागदाचे असोत, कॉम्प्युटरमधले असोत, शून्य. ते कुणाला पत्रानं कळवलं नाही. कंपनीच्या वेबसाइटवर एक लांबलचक इंग्रजी कागद पडून होता, त्यात अर्ध्याच्या पुढे कुठंतरी ते एक वाक्य. टीव्हीवाल्यांनी क्रेन दाखवली, नारळ दाखवला, ते वाक्य दाखवलं नाही. आणि मी, बी.कॉम., ज्याला नानांनी कागद उलटायला शिकवलं, मी बातमी बघून आनंदानं फोन करत सुटलो होतो. तो कागद मी वर्षभर उघडला नाही.

मी कंपनीच्या फोनवर बोललो. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, योजनेनुसार जुने भागधारक आता भागधारक राहिलेले नाहीत."

"मग आम्ही कोण?"

"सर, आपली आणखी काही मदत करू शकते का?"

लोक मला सांगतात की हे कायद्यानुसार झालं. झालं असेल. ज्यांनी गोदी बुडवली ते आपल्या बंगल्यात आहेत, ज्यांनी स्वस्तात घेतली ते फोटोत आहेत. बँकांना थोडंफार मिळालं. मधल्यामध्ये फक्त एक प्रकारची माणसं पुसली गेली, ज्यांनी पडत्या काळातही कागद जपून ठेवला होता. आणि आमचे शहाणे लोक म्हणतात, शेअर म्हणजे जुगारच, म्हाताऱ्याला हाव नडली. हाव म्हणजे काय हे यांना माहीत असतं तर त्यांनी तो शब्द नानांसाठी वापरला नसता. त्या माणसाला एक जहाज पाण्यात जाताना बघायचं होतं. बस.

त्या इंग्रजी कागदातलं ते पान मी छापून घेतलं आणि नानांकडे गेलो. मराठीत वाचून सांगितलं. त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं आणि उलटलं. मागची बाजू कोरी होती.

"मागे काहीच नाही?"

"नाही नाना."

त्यांनी खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं. मग पान माझ्याकडे दिलं.

"तिथं काम केलं होतं एवढं तरी धरतील का रे? नंबर आहे माझा."

मी म्हणालो, विचारतो. मी विचारलं नाही. विचारायला पलीकडे कुणी नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर नानांची मुलगी त्यांना शिरपूरला आपल्या घरी घेऊन गेली. समोरच्या खोल्यांना कुलूप आहे. नवा सदरा शिंप्याकडेच राहिला होता, तो मी आणून ठेवला. नानांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. चहावाला एकदा मला म्हणाला, "नानांना जहाजावरनं लय बोललो आपण भो." त्या दिवशी त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मला ते आवडलं नाही. पैसे टाकून आलो.

परवा वर्तमानपत्रात वाचलं की नव्या मालकाचं पहिलं जहाज पाण्यात सोडणार आहेत. मी रजा टाकली आणि गेलो. तिथून परतताना स्टेशनवर बसून हे पत्र लिहिलं आणि शिरपूरच्या पत्त्यावर टाकलं.

ती. नाना,
शि. सा. न.

तुम्ही हे पत्र आधी उलटून बघणार, म्हणून खरी गोष्ट मागे लिहिली आहे. ती वाचून झाल्यावर हे वाचा.

मी गोदीवर गेलो होतो. तुमचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट सोबत होतं आणि तुमचा नवा सदरा अंगात होता. मला दंडात घट्ट होतो. गेटवर मांडव होता, पाहुण्यांच्या गाड्या होत्या. पहारेकऱ्यानं सर्टिफिकेट पाहून म्हटलं, हे चालत नाही. मी म्हटलं, हा माणूस इथं वेल्डर होता, त्याचा नंबर एकेचाळीस. तो म्हणाला, साहेब, यादीत नाव आहे का? मी त्याच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं. तोही पगारी माणूस. तुम्ही असता तर गेटसमोर बसून राहिला असता. मला तुमच्यासारखं बसता येत नाही, मला राग येतो.

मग मी भिंतीला वळसा घालून कोळ्यांच्या धक्क्यावर गेलो. एका मावशींनी जाळी बाजूला करून मला टोपलीवर बसायला दिलं. तिथून उतार स्पष्ट दिसतो. ही जागा तुम्हाला माहीत असेल.

माझ्या पदवीला जो मान तुम्ही दिलात, तो मी त्या प्लास्टिकच्या दिवशी आणि त्या बातमीच्या दिवशी असा दोनदा घालवला. तुम्ही कधी बोलला नाहीत. एकदा बोला. शिरपूरला येतो, समोर बसून ऐकतो. सदराही आणतो. तो तुमचा आहे.

आपला,
समोरच्या घरातला

(मागे)

नाना, जहाज पाण्यात गेलं. मागची बाजू आधी. क्षणभर डोललं आणि सरळ झालं. तुमच्या वाटचं मी पाहिलं.