हौसाक्का आणि आबांचा खिसा

विहिरीत उतरण्याआधी हौसाक्का गळ्यातलं मंगळसूत्र काढायच्या, नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकायच्या आणि खिशाचं बटण स्वतः लावायच्या. मग साडीचा कासोटा घट्ट करून थेट काठावरून उडी. साठी ओलांडलेली बाई अशी उडी मारते तेव्हा विहिरीतली कबुतरंसुद्धा दचकतात. नवरा, म्हणजे आबा, पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर विहिरीकडे पाठ करून बसलेले असत. पाठ करून, कारण विहिरीत गावातल्या मुली पोहायला शिकत असत.

मी तेव्हा नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या त्या गावात उपकेंद्राची आरोग्यसेविका म्हणून नवीन आले होते. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा शेजारी धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "सिस्टर, हिला तुमी तरी सांगा. मालक धडधाकट समोर बसलाय आन ही रोज गळा उघडा करती." माझ्याकडे त्यावर गोळी नव्हती. शिवाय मला स्वतःलाच पोहायला शिकायचं होतं.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. स्कूटीची चावी ओढणीच्या टोकाला दुहेरी गाठ मारून बांधली आणि पाठीला डबा बांधून पाण्यात उतरले. तासभर हातपाय मारून वर आले तर ओढणी होती, गाठ नव्हती. आबांनी गळ टाकला. पडलेली बादली काढायचा तो लोखंडी आकड्यांचा झुबका त्यांनी विहिरीच्या तळाशी हरतऱ्हेने फिरवला. कडी नसलेली बादली आली, कुणाचं तरी एक पैंजण आलं, चावी काही आली नाही. हौसाक्का पदर पिळत म्हणाल्या, "पान्याला गाठी सोडवायची लई हौस असती, सिस्टर. तुमी नर्सबाई हाय का कोन हाय, ते त्याला ठावं न्हाई." मी दुधाच्या टेम्पोत बसून कर्जतला गेले आणि दुसरी चावी करून आणली.

त्यानंतर मला त्यांचा नियम पाठ झाला. "आदी खिसा, मंग पानी." मुलींच्या कानांतली फुलं, नाकातल्या चमक्या, घराच्या किल्ल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला माझा मोबाईल, सगळं आबांच्या खिशात जायचं. खिसा फुगून आबा एका बाजूला कलल्यासारखे दिसायचे. खिशाच्या तळाशी त्यांची तंबाखूची पुडी असायची, त्यामुळे परत मिळालेल्या प्रत्येक वस्तूला तंबाखूचा वास यायचा. मुली नाक मुरडायच्या. "वास लागला तर धुता येतंय," हौसाक्का म्हणायच्या, "हरवलं तर काय धुशील?"

मंगळसूत्र काढायची सुरुवात कशी झाली, ते त्यांनी मला एकदा पायरीवर बसून सांगितलं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा माहेरी नदीत पोहलेली ही पोर गळ्यात सगळं तसंच ठेवून विहिरीत उतरली. खाली मोटारीच्या पाइपाला मंगळसूत्र अडकलं. "हिसडा मारला, न्हाई तुटलं. दुसरा मारला तवा तुटलं आन मी वर आले," त्या म्हणाल्या. "मी हितं खोकतीय, नाकातोंडातनं पानी येतंय, आन आत्याबाई मनी शोधायला गडी उतरवत्यात. सून वर आली का, ते कुनी इचारलं न्हाई. ह्यांनी इचारलं." आबांनी विचारलं आणि वर असंही म्हणाले, की पोहायचं सोडू नकोस, इथून पुढे माझ्याकडे देत जा. गळ्यात बांधणाऱ्यानेच सांभाळायचं, यात चोरी कुठली, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

मुलींना शिकवण्याचं खूळ मात्र पूर्णपणे हौसाक्कांचं. आमच्या भागात आता जिकडे तिकडे शेततळी झालीत. आत काळा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पाय घसरला की धरायला काही नसतं. मी यायच्या आधी गावातली एक नवी सून पाणी बघायला गेली आणि तशीच बुडून गेली. तेव्हापासून हौसाक्का घरोघर फिरून मुली मागायच्या, आणि नाही म्हणणाऱ्या बापाला उंबऱ्यावरच धारेवर धरायच्या. "स्थळ बघताना शेततळं हाय का, ते आदी इचारता. पोरीला पवता येतं का, ते कुनी इचारत न्हाई. दागिन्यावानी मिरवायला पानी हाय व्हय ते?" बाप खाली मान घालायचे आणि दुसऱ्या दिवशी मुलीला पाठवायचे. पटलं म्हणून नव्हे, ही बाई पुन्हा दारात उभी राहील म्हणून.

मग आबांच्या गालात गाठ आली. तंबाखूची जागा तीच, गाठीची जागा तीच. मीच त्यांना नगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तपासणीत निघायचं तेच निघालं. गावाला मात्र रोगाचं कारण तपासणीच्या आधीच कळलं होतं. बाई रोज मंगळसूत्र काढते, दुसरं काय होणार? आबांची बहीण कलावती गावातच दिलेली. ती घरी येऊन हात जोडून रडली. "वैनी, पाया पडते. आता तरी गळ्यातलं काढू नगं. माझ्या भावाला वंगाळ हुतंय."

मी तिथेच आबांचा रक्तदाब बघत होते. हौसाक्कांनी तिला पाणी दिलं, ती प्यायली, आणि मग त्या बोलल्या. "वन्सं, ह्या खिशात इतकी वर्सं दोन चिजा हुत्या. एक पुडी आन एक माझं मंगळसूत्र. पुडीनं गाल खाल्ला. तिला कुनी नाव ठिवीना. ज्यानं कायबी केलं न्हाई त्येला फासावर देताय?" कलावती उठून गेली. माझ्या मनात आलं, मी इतकी वर्षं तंबाखूवर आरोग्याची भाषणं देते, त्यातलं एकही असं लागलं नव्हतं.

आबांचं बोलणं पुढे बंद झालं. विहिरीवर येणंही बंद झालं. पण रोज सकाळी ते खाटेवर पडल्या पडल्या खिशावर हात आपटायचे. पोहायला गेली नाहीस का, असा त्याचा अर्थ. हौसाक्का मंगळसूत्र काढून खिशात टाकायच्या, बटण लावायच्या आणि विहिरीवर यायच्या. ओल्या केसांनी घरी गेल्या की आबा स्वतः बटण काढायचे. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, हे कबूल करायला लाज कसली?

आबा गेले त्या दिवशी मी घरातच होते. अंगणात माणसं जमली, तिरडी बांधून झाली, आणि आतल्या खोलीत बायका हौसाक्कांभोवती बसल्या. कुणी बांगड्या फोडायला दगड आणला. कलावतीने डोळे पुसले आणि वहिनीच्या गळ्याकडे हात नेला. हौसाक्कांनी तिचं मनगट वरच्या वर धरलं.

"हात खाली, वन्सं."

"वैनी, रीत हाय. काढावं लागतंय."

"काल काढू नगं म्हनत हुता. आज काढ म्हनताय. एकदाच काय ते ठरवा." त्यांचा आवाज फाटला होता, पण मनगट सुटलं नव्हतं. "हे मी माझ्या हातानं काढलं, माझ्या हातानं घातलं. आजवर ह्यांच्याबिगर कुनाच्या हातात दिलं न्हाई. आज बी देनार न्हाई."

कुणीतरी म्हणालं, लोक काय म्हणतील. हौसाक्का म्हणाल्या, "इतकी वर्सं म्हनलेत. त्येंचं तोंड दुखलं न्हाई, ह्यांचं दुखलं." आणि मग त्या आबांच्या अंगावर पडून अशा रडल्या, की दगड आणणारीने तो हळूच दाराबाहेर ठेवून दिला. बांगड्या तशाच राहिल्या. कुंकूही राहिलं.

दहावं-तेरावं झाल्यावर एका सकाळी मी विहिरीवर गेले. मुली फारशा आल्या नव्हत्या. आयांनी अडवलं असणार. धुणं धुणाऱ्या बायका मात्र झाडून सगळ्या आल्या होत्या आणि त्यांचं धुणं आज काही उरकत नव्हतं. हौसाक्का बांधावरून आल्या. खांद्यावर आबांचा सदरा होता. मोटारीच्या खोलीच्या खिळ्याला त्यांनी तो टांगला, सदऱ्याची पाठ विहिरीकडे करून. मंगळसूत्र काढलं. खिशात टाकलं. बटण लावलं. मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "बघून घ्या नीट. उद्या नुसतं बघायला येऊ नगा, पोरी धाडा."

आणि उडी मारली. पाणी काठापर्यंत उडालं. त्या वर आल्या, तोंडावरचं पाणी पुसलं आणि खालूनच माझ्यावर ओरडल्या, "सिस्टर, हुबं काय ऱ्हायला? चावी कुटंय?"

चावी माझ्या मुठीत होती. मी सदऱ्याजवळ गेले, खिशाचं बटण काढलं. तळाशी तंबाखूची भुकटी तशीच होती, वर मंगळसूत्र. मी चावी त्याच्याशेजारी ठेवली, बटण लावलं आणि उडी मारली.