बावचीचं तेल

"घाई कायची हाये, मास्तर?" असं म्हणून ते चष्मा धोतराच्या सोग्याला पुसत बसत. तो पुसून होईपर्यंत माझा जीव टांगणीला.

मोताळ्याच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. डॉक्टर बुलढाण्याहून अधूनमधून येत. एरवी कारभार यांचाच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण आग लागल्यासारखं धावत जावं आणि त्यांनी बसायला पाट द्यावा.

माझी धाकटी बहीण काशी. तिच्या हातांवर पांढरे डाग उठले. महारोग समजून सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. "डाग गेले की पाठवा," एवढाच निरोप. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून सगळे माझ्याच तोंडाकडे पाहत.

कंपाउंडरांनी तिला डोळे मिटायला लावून डागावर टाचणी टोचली.

"अगं माय!" काशी ओरडली.

"झालं. महारोगात हे समजत नाही. हे कोड हाये. कोणाले लागत नाही."

"पण जाईल कधी?" मी विचारलं.

"जाईन, नाही तर नाही जाईन."

हे काय उत्तर झालं? त्यांचा उपाय एवढाच: बावचीचं तेल थेंबभर लावायचं आणि शंभर आकडे होईपर्यंत कोवळ्या उन्हात बसायचं. दर आठवड्याला ते डागावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं कड काढत. दोन महिने झाले तरी सगळे कागद सारखेच. मी वैतागून म्हणालो, "औषध देता की नकाशे काढता?"

"नकाशाच हाये. गाव वाढते का घटते, पाहा लागते."

अखाजीचा सण जवळ आला, गावातल्या लेकी माहेरपणाला येऊ लागल्या, तसा माझा धीर सुटला. मी दुप्पट तेल लावून काशीला भर दुपारच्या उन्हात बसवलं. संध्याकाळपर्यंत टरारून फोड आले.

"बी.ए. पास हाये ना तुमी? हे कॉलेजात शिकवलं काय?" त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. पुढं रोज घरी येऊन पट्टी बांधली. फोड बरे झाले. डागांत तिळाएवढे चार ठिपके तेवढे कातडीच्या रंगावर आले.

एके सकाळी तेच म्हणाले, "दमणीले बैल जोडा. पोरीच्या सासरी जाऊ."

तिथं अंगणात मांडी घालून बसले. "काशी, भाकर टाक. मले भूक लागून राह्यली."

तिनं थापलेली भाकर त्यांनी सगळ्यांदेखत ठेच्याशी खाल्ली. दुसरी मागितली. काशीच्या सासऱ्यानं विचारलं, "साहेब, तुमाले भेव नाही लागत?"

"लागते ना. ठेच्याचं."

कोणीतरी हसलं. मग बऱ्याच वेळानं सासूनं आपली थाळी काशीपुढं सरकवली.

काशी तिथंच राहिली. पुढच्याच महिन्यात कंपाउंडरांची बदली झाली. मी आभार मानायला गेलो, तर ते एकटे राहत त्या खोलीला कुलूप. काशीच्या सासरी जाऊन तिला सांगितलं, तेव्हा ती डागाळलेले हात पदराला पुसत एवढंच म्हणाली,

"तिकडं त्याइले भाकर कोण देते, दादा?"