पापलेटाचं ऑपरेशन

सोनलला बघायला आलेल्या मुलाचा एक्स-रे काढावा, असं मी सुचवलं तेव्हा त्याने पापलेटाचा पहिलाच घास गिळला होता.

मी हिंगोलीकडची. बारावी अर्धवट सोडून घरी बसले होते. ताईच्या सासूबाईंनी मला रत्नागिरीला बोलावलं, कम्युनिटी कॉलेजात ऑपरेशन थिएटर टेक्निशियनच्या कोर्सला घातलं आणि वर आपल्याच घरात ठेवून घेतलं. या मावशींच्या उपयोगी पडायला मी सतत टपलेली असायचे. (म्हणून त्या सतत धास्तावलेल्या असायच्या.)

सोनल त्यांची धाकटी लेक. मुलाकडची जयगडची मंडळी जेवायलाच येणार होती. मावशींनी पापलेटांत हिरवं वाटण भरलं आणि ते सांडू नये म्हणून वरून दोरा गुंडाळायला घेतला.

"मावशी, दोरा कशाला? मी टाके घालते!"

"तुला येतात गो?"

"डॉक्टरांच्या हातात सुई मीच देते की!"

"देतेस. घालत नाहीस ना?"

"पण जवळून बघते!"

टाके इतके सुबक पडले, की मावशी चक्क "बरं शिवलंस हो" म्हणाल्या! मी हवेत. पापलेटं तळली, ताटं वाढली, मी ओटा पुसायला घेतला... आणि सुई कुठेय?

ओट्यावर नाही. मोरीत नाही. मिठात हात घातला, मांजर उचलून झटकलं. नाही! कॉलेजातल्या मॅडम कानात ओरडल्या, "टाके घालण्याआधी सगळं मोजायचं! काउंट जुळल्याशिवाय पेशंट बाहेर जाता कामा नये!" आणि माझे पेशंट तर बाहेर पाहुण्यांच्या ताटात!

आता गप्प बसावं तर कुणाच्या घशात सुई, बोलावं तर स्थळ मोडणार आणि मी पहिल्या गाडीने हिंगोलीला!

"थांबा!" मी बाहेर जाऊन किंचाळले. "माशात सुई आहे! म्हणजे... असेल!"

हातातले घास ताटात परत पडले. मग सगळ्यांनी आपापलं पापलेट उसवलं. वाटण, काटे, दोरे, सगळं निघालं. सुई नाही.

"मी एक घास गिळला," मुलगा बारीक आवाजात म्हणाला.

"घाबरू नका!" मी धीर दिला. "काउंट जुळला नाही की एक्स-रे काढतात. माझी ओळख आहे!"

मावशींनी कपाळावर हात मारला. मुलाची आई मात्र माझ्याकडे बघत राहिली.

"अगो बाय, मागे वळ जरा. आधी हिच्या वेणीचा काढा गो एक्स-रे!"

सुई वेणीत होती. आमची आई गोधडी शिवताना तिथेच खोचते. हरवू नये म्हणून!

आधी सोनल फिसकन हसली, मग मुलगा, मग सगळी पंगत. "सुईसाठी जेवण थांबवणारी माणसं," मुलाची आई म्हणाली, "काही लपवायची नाहीत. आम्हाला पसंत."

पाहुणे गेल्यावर मी बॅग भरायला घेतली.

"कुठे निघालीस?" मावशी गरजल्या. "कोर्स कोण पुरा करणार, मांजर?"

परवा प्रॅक्टिकल झालं. परीक्षक बाईंनी विचारलं, "सुई कुठे आहे?" सुई समोर ट्रेमध्ये होती, पण माझा निर्जंतुक ग्लोव्ह घातलेला हात सरळ टोपीखालच्या वेणीकडे गेला! सगळं पुन्हा. हात धुण्यापासून.

पास झाले हो. सोनलच्या लग्नात मावशींनी मला एकच काम दिलंय: पाहुण्यांसारखं बसून जेवायचं. आणि तेही केस मोकळे सोडून!