बाविसावी पहिली फेरी

अबिमाएल ओस्पिनो आमच्या ला मोहारा गावात टायरचे पंक्चर काढायचा आणि वर्षातून एकदा अकॉर्डियनच्या स्पर्धेत हरायचा. दोन्ही कामं तो सारख्याच निष्ठेनं करी. फरक इतकाच, की पंक्चर निघायचं.

मी कुचेष्टा करतोय असं वाटेल. करतोच आहे. पण तो हक्क मी कमावलाय. बावीस वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून मीही हरलोय. मी नेफ्ताली, धंद्यानं न्हावी. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता झालो, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कंपाद्रे म्हणतो, आणि त्याच्या बायकोला मी कोमाद्रे. आमच्याकडच्या गाण्याला तीन माणसं लागतात. अकॉर्डियनवाला, त्याला सगळं गाव ओळखतं. ढोलवाला, त्याला निदान त्याची बायको ओळखते. आणि तिसरा किसणीवाला. खाचा पाडलेल्या नळीवर तारांचा काटा घासत राहायचा, खर्र खर्र, की झालं. तो मी. आमचा ढोलवाला तोन्यो एका कानानं बहिरा होता. बाकी दोघांपेक्षा तो सुखी होता, असं मला नंतर वाटू लागलं.

या दुखण्याची सुरुवात झाली अबिमाएल चोवीस वर्षांचा असताना. गावच्या जत्रेत तो वाजवत होता. शहरातून आलेल्या एका म्हाताऱ्या वादकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरा, तू एक दिवस राजा होणार." स्पर्धा जिंकणाऱ्याला आमच्याकडे राजा म्हणतात. म्हाताऱ्यानं त्या दुपारी उसाची दारू इतकी घेतली होती, की थोड्या वेळानं त्यानं पाद्रीबाबांनाही तू राजा होणार म्हणून सांगितलं. पाद्रीबाबांनी ते मनावर घेतलं नाही.

स्पर्धेत चार चाली वाजवाव्या लागतात. पहिल्या तीन अबिमाएल छान वाजवी. संथ चाल लागली की त्याच्या बोटांत काहीतरी ओलं, मऊ उतरायचं. पुढच्या रांगेतल्या बायका पंखा हलवायच्या थांबायच्या. हे मीसुद्धा कबूल करतो. पण चौथी चाल पुया. तिचा वेग म्हणजे मागे कुत्रं लागल्यासारखा. तिथे अबिमाएल कुत्र्याच्या पुढे पळत नसे, कुत्र्याशी बोलायला थांबत असे. बोटं अडखळायची, भाता ओरडायचा, तोन्यो एका कानानं ऐकत पुढे निघून जायचा, आणि मी दोघांच्या मध्ये खर्र खर्र करत कोणाच्या मागे जावं याचा विचार करायचो.

मग परतीच्या बसमध्ये कारणं निघायची. पहिल्या वर्षी ऊन फार होतं. दुसऱ्या वर्षी दमट हवेनं पट्ट्या फुगल्या. चौथ्या वर्षी एक परीक्षक दुसऱ्या स्पर्धकाचा मावसभाऊ निघाला. सातव्या वर्षी परीक्षकांत कोणाचाच मावसभाऊ नव्हता, तेव्हा मंच उतरता होता. नाचता येईना अंगण वाकडं, पण आमच्या अबिमाएलनं ते अंगण खरोखर पाण्याची पातळी लावून मोजलं. दोन बोटं उतार निघाला. तो इतका खूश झाला, जणू किताबच मिळाला.

त्याची बायको लेदिस शाळेचे गणवेश शिवायची. ती या सगळ्याकडे पावसाकडे पाहावं तसं पाही: येणार आहे, ओलं करणार आहे, जाणार आहे. दर वर्षी अर्ज भरायचे दिवस आले की मी तिला म्हणायचो, "कोमाद्रे, तुम्ही काही बोला की त्याला."

"काय बोलू? शेजारचा ओसोर्यो दुसऱ्या बाईच्या मागे जातो. माझा अकॉर्डियनच्या मागे जातो. ती निदान पेटीत बंद होते."

सोळाव्या वर्षी मात्र अघटित घडलं. आम्ही दुसऱ्या फेरीत गेलो. आमच्या गटातल्या दोघांना शिळी मासळी बाधली होती, एकाच्या बसचा आस मोडला होता. उरलो आम्ही. गावानं फटाके उडवले. महापौरांनी पंक्चरच्या दुकानापुढे उभं राहून भाषण केलं, "चिकाटीचं फळ" वगैरे. दुसऱ्या फेरीत पुया सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे संपली, म्हणजे मध्येच. पण त्या एका फेरीनं आमची पुढची सहा वर्षं खाल्ली. साफ नापास होणाऱ्याला कधीतरी अक्कल येते. एकदा काठावर पास झालेला मरेपर्यंत बाकावर बसतो.

"पाहिलंस ना, कंपाद्रे?" तो म्हणे. "जवळ आलंय."

"हो. मासळी थोडी आणखी शिळी पाहिजे."

तो हसायचा आणि रविवारच्या तालमीला बोलवायचा. मी शिव्या देत जायचो. सकाळी दहाला, दुकानामागच्या आंब्याखाली. लेदिस युका कंदाचे तळलेले तुकडे आणि कॉफी आणून ठेवायची. एकही रविवार मी चुकवला नाही. का ते मला तेव्हा कोणी विचारलं नाही.

बाविसाव्या वर्षी लेदिसला मुलीनं नवा फोन पाठवला होता. पहिल्या फेरीत आम्ही मंचावर चढलो आणि तिनं समोरून सगळं टिपलं. पुया आली, गेली. आम्ही खाली उतरलो. बसथांब्याच्या बाकावर बसलो, तेव्हा अबिमाएल कारण शोधतच होता. या वेळी ध्वनिक्षेपकाकडे त्याचा कल दिसत होता.

लेदिसनं फोन त्याच्या हातात दिला. "हे घे. तू स्वतःला कधी ऐकलं नाहीस ना?"

खरंच, बावीस वर्षांत त्यानं स्वतःला कधी बाहेरून ऐकलं नव्हतं. त्यानं ऐकलं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा ऐकलं. एक बस आली, तोन्यो तिच्यात चढून निघूनही गेला. त्याला वाटलं आम्ही मागे आहोत. अबिमाएलनं तिसऱ्यांदा ऐकलं. मी जिभेवर एक चांगला टोमणा तयार ठेवला होता, पण त्याचा चेहरा पाहून गिळला.

"हा माणूस पहिल्या तिन्ही चाली बऱ्या वाजवतो," तो म्हणाला.

"बऱ्या नाही, चांगल्या," लेदिस म्हणाली.

"आणि चौथीत घाबरलेला आहे."

त्यानं फोन बंद केला.

"मला वाटायचं, मी उशिरा कळणारा कलाकार आहे," तो फोन तिला परत देत म्हणाला. "परीक्षकांना मी पहिल्याच वर्षी कळलो होतो. उशीर मला झाला."

मग तो रडेल असं मला वाटलं. त्यानं आंब्याच्या फोडी विकणाऱ्या बाईला हाक मारली, मीठ जास्त टाकायला सांगितलं, आणि तिघांना एकेक पुडा घेतला. एवढ्या मोठ्या स्वप्नाच्या अंत्यविधीला इतका कमी खर्च मी कुठे पाहिला नाही.

आता गंमत ऐका. माझी. बावीस वर्षं ज्याला मी "सोड बाबा" म्हणत होतो, त्यानं सोडलं. मी सुटायला हवं होतं. पहिल्या रविवारी मी दहा वाजता दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तालात चालवला. त्यानं खुर्ची सोडली. दुसऱ्या रविवारी किसणी घेऊन आंब्याखाली जाऊन बसलो. लेदिसनं खिडकीतून पाहिलं, एकट्याला पुरेल एवढीच कॉफी बाहेर आणून ठेवली आणि आत गेली.

पुढच्या वर्षी अर्ज निघाले तेव्हा मी कोणाला न विचारता अबिमाएलच्या नावानं एक भरला. सहीही केली, फार हुबेहूब. कागद घेऊन दुकानात गेलो. तो ट्रकच्या टायरवर वाकला होता.

"कंपाद्रे, हे काय?"

"एक शेवटचं वर्ष. तीन चाली चांगल्या आहेत, चौथीचं बघून घेऊ."

त्यानं हात पुसले, कागद वाचला. "सही तुझ्यापेक्षा मी वाईट करतो," म्हणाला. आणि मग, जरा हळू, "नेफ्ताली, स्वप्न माझं होतं ना?"

"होतं."

"मग तू का एवढा हडकलायस?"

मी रागानं कागद खिशात कोंबला आणि त्याला भित्रा म्हणालो. तो म्हणाला, "हो, ऐकलंय मी." आणि टायरकडे वळला.

हट्टानं मी दुसरीकडे गेलो. नदीपलीकडची युलेइमिस नावाची एकोणीस वर्षांची मुलगी, तिला किसणीवाला हवा होता. तिची पुया सुरू झाली आणि पहिल्या मिनिटात माझं मनगट मागे राहिलं, दुसऱ्यात खांदा, तिसऱ्यात मी. मुलगी सभ्य होती. "काका, तुम्ही संथ चालींना फार छान आहात," म्हणाली. हे वाक्य कोणत्या जातीचं आहे, ते ओळखायला मला बावीस वर्षं लागली नाहीत. त्याच दिवशी मी नाव मागे घेतलं. पुढे ती उपांत्य फेरीपर्यंत गेली, कोणालाही मासळी न बाधता.

अबिमाएल संत झाला, असा काही गैरसमज करून घेऊ नका; वाजवायचा तो थांबलेला नाही. लग्नं, बाप्तिस्मे, मेलेल्याचा नववा दिवस, कुठेही बोलावलं की जातो. फक्त संथ चाली. कोणी पुयाची फर्माईश केली तर सरळ सांगतो, "ती मला येत नाही." हे चार शब्द तो इतक्या आरामात उच्चारतो की माझा संताप होतो. सोबत तोन्यो असतो, आणि मीही. गेल्या महिन्यात त्याच्या मेहुणीच्या अंगणात वाजवत होतो. लेदिस बाजूला बसून बाह्या टाचत होती. तिनं सुई कापडात खोचली, उठली आणि आजवर नवऱ्याच्या वाजवण्यावर कधी न नाचलेली ती बाई शेजारच्या ओसोर्योचा हात धरून नाचायला लागली.

"कोमाद्रे, तो दुसऱ्या बायकांच्या मागे जातो!" मी ओरडलो.

"जाऊ दे," ती म्हणाली, "पाय चांगले आहेत त्याचे."

अबिमाएलनं भाता आणखी लांब ओढला.