ढिला नट

मांजरसुंब्याच्या चौकातला आमचा मेकॅनिक पाच वेळा नमाज पढतो, गिऱ्हाइकाला आपल्या पैशाने चहा पाजतो, पण स्वतःची चूक कधी कबूल करत नाही. त्याच्या मते दोष नेहमी रस्त्याचा, नाहीतर पेट्रोलचा.

परवा त्यानेच ब्रेक दुरुस्त केलेल्या मोटरसायकलवरून दूधवाले काका पडले. सोललेलं कोपर घेऊन, गाडी ढकलत ते त्याच्या गॅरेजवर आले. एरवी कोणाचीही चूक न सोडणारा मी दोस्तीखातर म्हणालो, "काका, रस्ताच लई खराब हाय."

मेकॅनिक वाकून ब्रेक बघत होता. मान वर न करता म्हणाला, "तू गप बे. काका, नट मीच ढिला सोडलता."

नट आवळून त्याने पाना काकांच्या हातात दिला. "आता तुमी आवळून बगा. मला माज्यावर भरवसा न्हाई."